हजेरीपटातील परागंदा

शिलरच्या ‘काबाले उंड लीबे’ या १७८४ साली रंगभूमीवर आलेल्या नाटकाच्या दुसऱ्या अंकात एक छोटासा प्रवेश आहे. संस्थानाधिपतीच्या आश्रयास असलेल्या लेडी मिलफर्डपुढे एक वृद्ध सेवक रत्नांची पेटी आणून ठेवतो. एवढ्या रत्नांचे मोल कसे चुकते झाले, अशी पृच्छा ती करते. तेव्हा तिला कळते की, यासाठी महाराजांना तिजोरीत हात घालावा लागलेला नाही. कालच सात हजार तरुण अमेरिकेच्या वाटेला लावले, त्यांच्यावर हा हिशेब फिटला. हे सांगणाऱ्या म्हाताऱ्याची मुले त्याच तुकडीत गेलेली असतात. नाटकाच्या कथानकाला हा प्रवेश अत्यावश्यक नाही. सेवक येतो, बोलतो, निघून जातो आणि पुन्हा दिसत नाही. तरीही सबंध नाटकातून वाचकाच्या मनात राहतो तो हा म्हातारा.

पुष्कळ वर्षांपूर्वी हा प्रवेश मराठीत आणताना मी त्यातील संख्येकडे केवळ नाटककाराची संख्या म्हणून पाहिले होते. सात हजार म्हणजे ‘पुष्कळ’, एवढाच अर्थ मी घेतला. त्या सात हजारांना नावे होती, गावे होती, त्यांची उंची, त्यांचा पगार आणि त्यांचे नाहीसे होणे कुणीतरी महिन्याच्या महिन्याला टिपून ठेवीत होते, आणि ती टिपणे आज उपलब्ध आहेत, याची मला तेव्हा कल्पना नव्हती. ती आली एका घरगुती निमित्ताने. आमच्या एका स्नेह्यांची मुलगी पेनसिल्व्हेनियातील एका घरात दिली आहे. तिचे सासरे निवृत्त शिक्षक. आपला मूळपुरुष जर्मन शिपाई होता, इंग्रजांच्या बाजूने लढावयास आला आणि स्वातंत्र्याचे वारे लागताच राजाची चाकरी झुगारून इकडेच राहिला, अशी त्या घरात सात पिढ्यांची समजूत. जुन्या जर्मन वळणाचे काही कागद त्यांच्या हाती लागले होते. ते वाचून द्यावेत, अशी विनंती त्यांनी सुनेमार्फत माझ्याकडे केली. अठराव्या शतकातील जर्मन लेखनिकांचे कुरेंट वळण आणि आपली मोडी यांत एक साम्य आहे: दोन्ही लिहिणाऱ्याच्या सोयीसाठी जन्मल्या, वाचणाऱ्याच्या नव्हे. दोन-अडीच महिने त्या कागदांशी झटापट केल्यावर ज्या शब्दापाशी मी थबकलो, तो शब्द एका तक्त्याच्या शेवटच्या रकान्यात होता. त्या शब्दाविषयीच मुख्यतः येथे लिहावयाचे आहे.

प्रथम या तक्त्यांची हकीकत. अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धात (१७७५-८३) इंग्लंडच्या राजाने सहा जर्मन संस्थानांकडून फौजा भाड्याने घेतल्या: हेसेन-कासेल, हेसेन-हानाऊ, ब्राउनश्वाइग, वाल्डेक, आन्सबाख-बायरॉइट आणि आनहाल्ट-त्सेर्ब्स्ट. एकंदर सुमारे ३०००० माणूस समुद्रापार गेले. त्यांतील निम्म्याहून अधिक एकट्या हेसेन-कासेलचे, म्हणूनच अमेरिकेत या सगळ्यांनाच ‘हेशियन’ हे एकच नाव पडले. परतले ते सुमारे १७०००. उरलेल्यांत रोगाने व लढाईत मेलेले बरेच, आणि अदमासे पाच हजार तेथेच राहिलेले. या पाच हजारांचे वंशज आज आपला माग काढीत आहेत.

शिपायांची नोंद इतक्या काटेकोरपणे का ठेवली गेली, याचे उत्तर करारनाम्यांत सापडते. ब्राउनश्वाइगशी जानेवारी १७७६ मध्ये झालेल्या करारात मेलेल्या प्रत्येक माणसामागे संस्थानाला ठराविक रक्कम मिळावी असे कलम होते, आणि तीन जखमी हे एका मृताबरोबर धरावेत असा हिशेबही त्यात घातला होता. ज्या मालाचे मोल नगाला नग ठरलेले आहे, त्याची मोजदाद चोख व्हावी यात नवल नाही. हेसेन-कासेलच्या करारात असे कलम नसले तरी पगार, रसद आणि भरपाई यांचे गणित तेथेही माणसांच्या संख्येवरच चालत असे. तेव्हा दरमहा प्रत्येक कंपनीचा हजेरीपट लिहिला जाई. किती हजर, किती आजारी, किती कैद, किती मेले, किती नव्याने आले. शिपायाच्या जीवितात कुणास स्वारस्य होते म्हणून ही नोंद झालेली नाही. तरीही अनेक शेतकरी घराण्यांतील त्या पिढीविषयी चर्चच्या दप्तराखेरीज जो काही लेखी पुरावा उरला आहे तो हाच. आपल्याकडे पेशवे दप्तरातील रोजमुऱ्याच्या याद्या धुंडाळणाऱ्यांस हा अनुभव नवा नाही. सामान्य माणूस इतिहासात बहुधा खर्चाच्या बाजूने शिरतो.

हे पट कासेलच्या दप्तरातून मारबुर्गच्या राज्य अभिलेखागारात आले. तेथील अभ्यासकांनी १९७२ पासून त्यांच्या सूची खंडशः छापावयास आरंभ केला, आणि पुढे त्या संगणकावरही आल्या. सूचीतील प्रत्येक नोंद एका ओळीची: आडनाव, नाव, जन्माचे साल, मूळ गाव, हुद्दा, पलटण, महिना आणि नोंदीचे कारण. कारणांसाठी सांकेतिक अंक आहेत. भरती झाला, बढती मिळाली, कैद झाला, मेला, पळून गेला. एका माणसाच्या सहा-सात ओळी जुळवल्या की त्याच्या आयुष्याचा सांगाडा उभा राहतो. या सूचीचे खरे मोल ‘मूळ गाव’ या रकान्यात आहे. अमेरिकेतील कागदांत त्या शिपायाविषयी फार तर ‘जर्मन’ एवढेच सापडते. येथे गाव मिळते, आणि गाव मिळाले की त्या गावच्या चर्चच्या दप्तरातून बाप्तिस्मा, लग्न, आईबाप यांच्याकडे जाता येते.

अर्थात तेथवर पोचणे सोपे नसते. नावे कानाने लिहिलेली. हेसेनचा लेखनिक आपल्या बोलीत ‘प’चा ‘ब’ आणि ‘ट’चा ‘ड’ करणार. इंग्रज कारकून तेच नाव आपल्या कानाने पुन्हा मोडणार. आणि दोन पिढ्यांनंतर नातवंडे स्वतःच म्युलरचे मिलर, श्मिटचे स्मिथ करून मोकळी होणार. काहींनी तर नावाचे सरळ भाषांतर केले. त्सिमरमान म्हणजे सुतार, म्हणून कार्पेंटर. भाषांतरकाराच्या धंद्यातील मनुष्याला हे वाचून गंमत वाटते. मूळ संहितेकडे परतण्याची वाट भाषांतराने इतकी बुजवून टाकल्याची उदाहरणे साहित्यातही फार नसतील.

आता त्या शब्दाकडे वळतो. आमच्या शिक्षक महाशयांच्या मूळपुरुषाच्या तीन ओळी मिळाल्या. १७७६ साली तो पलटणीबरोबर निघालेला. त्याच डिसेंबरात कैद. १७७८ साली ‘डेझर्टिएर्ट’.

मराठीत याला काय म्हणावे? ‘पळून गेला’ म्हटले तर भित्रेपणाचा वास येतो. ‘फितूर झाला’ म्हटले तर तो शत्रूस मिळाल्याचा अर्थ होतो, आणि तसा पुरावा नाही. ‘फरारी’ हा पोलिसांचा शब्द. जुन्या मराठी कागदांत एक शब्द येतो, ‘परागंदा’. दुष्काळाने वा जुलमाने गाव सोडून गेलेली रयत परागंदा झाली, असे लिहीत. त्यात दोष कोणाचा हे सांगितलेले नसते. माणूस जागेवर नाही, इतकेच सांगितलेले असते. मला तो शब्द जवळचा वाटला. पण तोही चपखल नाही, याचे कारण घडलेल्या गोष्टीत आहे.

२६ डिसेंबर १७७६ च्या सकाळी डेलावेअर नदी ओलांडून आलेल्या वॉशिंग्टनने ट्रेंटन येथे कर्नल राल याच्या हाताखालील हेशियन ब्रिगेडवर छापा घातला. राल प्राणांतिक जखमी झाला आणि सुमारे ९०० शिपाई कैद झाले. त्यांना पेनसिल्व्हेनियात लँकेस्टरकडे नेण्यात आले. हा सारा मुलूख जर्मनभाषी शेतकऱ्यांचा. १७२० नंतरच्या दशकांत आलेल्या पॅलेटिनेटच्या लोकांनी येथे शेते केली होती, चर्चे बांधली होती, जर्मन छापखानेही काढले होते. युद्धामुळे शेतीला मजूर मिळत नव्हते, तेव्हा कैद्यांना आसपासच्या शेतांवर व कारखान्यांत कामाला देण्यात येऊ लागले. राजाने समुद्रापार धाडलेला हेसेनचा शेतकरी अशा रीतीने जर्मन बोलणाऱ्या शेतकऱ्याच्या खळ्यावर येऊन पोचला. अमेरिकन काँग्रेसने तर ऑगस्ट १७७६ मध्येच ठराव करून, इंग्रजांची चाकरी सोडणाऱ्या जर्मनाला ५० एकर जमीन देऊ केली होती आणि त्याचे जर्मन भाषांतर छावण्यांत पोचवण्याची व्यवस्था केली होती. (हे भाषांतर कोणत्या प्रतीचे होते, हे पाहण्याची मला उत्सुकता आहे; राजकीय भाषांतराच्या इतिहासात त्याला एक जागा द्यावी लागेल.) १७७८ साली कैद्यांची अदलाबदल झाली. पलटण पुन्हा उभी राहिली, हजेरी झाली, आणि जे हजर नव्हते त्यांच्यापुढे लेखनिकाने तो शब्द लिहिला.

म्हणजे हा मनुष्य कोठून पळाला? कुठूनच नाही. तो ज्या खळ्यावर होता तेथेच राहिला. तो पळाला नाही. तो परतला नाही. परंतु ‘परतला नाही’ असा रकाना हजेरीपटात नव्हता, आणि असणेही शक्य नव्हते, कारण पट लिहिणाऱ्याच्या दृष्टीने जगात दोनच जागा होत्या, पलटण आणि पलटणीबाहेर.

स्वातंत्र्याचे वारे लागल्याची घरातली कथा या ओळीने खरी ठरत नाही, खोटीही ठरत नाही. त्याला वारे लागले असेल, किंवा शेतकऱ्याची मुलगी आवडली असेल, किंवा पुन्हा जहाजात बसण्याची धास्ती वाटली असेल. कागद याबाबत मुका आहे. त्याला बोलके करण्याचा मोह इतिहासकारापेक्षा साहित्यिकाला अधिक होतो, आणि त्या मोहाचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण शिलर नसून योहान गोटफ्रीड झॉइमे हे आहे. लाइपझिगमधील धर्मशास्त्राचा अभ्यास अर्धवट टाकून निघालेल्या या तरुणाला १७८१ साली हेसेनच्या भरतीवाल्यांनी वाटेत धरले, त्सीगेनहाइनच्या किल्ल्यात ठेवले आणि पुढे हॅलिफॅक्सला धाडले. युद्ध संपत आले होते. लढाई न पाहताच तो १७८३ मध्ये परतला. त्याचे आत्मचरित्र त्याच्या मरणानंतर १८१३ साली प्रसिद्ध झाले. वाटसरूंना पकडून विकणारा जुलमी संस्थानिक हे हेशियनांचे जे चित्र एकोणिसाव्या शतकातील उदारमतवादी जर्मनांच्या मनात ठसले, ते बव्हंशी शिलर आणि झॉइमे यांचे देणे आहे.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रॉडनी अ‍ॅटवुड, चार्ल्स इंग्राव, पीटर टेलर यांसारख्या संशोधकांनी मारबुर्गचे कागद पाहिले तेव्हा निराळे चित्र दिसू लागले. बहुसंख्य शिपाई रस्त्यात पकडलेले परके नसून १७६२ पासून चालत आलेल्या जिल्हावार सक्तीच्या भरतीतील गावचेच तरुण होते. ज्यांच्यावाचून शेत अडेल त्यांना सूट, ज्यांच्यावाचून अडणार नाही ते फौजेत, असा नियम. १७७३ च्या एका फर्मानाने शेताची वाटणी करण्यास मनाई झाली, तेव्हा धाकटे मुलगे आपोआप ‘ज्यांच्यावाचून अडत नाही’ अशांत जमा झाले. घरी करात सवलत मिळे, शिपायाचा पगार गावी पाठवता येई. यावरून काही अभ्यासकांनी झॉइमेला अतिशयोक्त ठरवले. मला हा निर्णय घाईचा वाटतो. झॉइमेवर जे गुदरले ते अपवादात्मक असेल, परंतु वाटसरूची मानगूट धरून नेणे आणि ‘तुझ्यावाचून घराचे अडत नाही’ असे कायद्याने ठरवून नेणे, यांत जुलमाचा प्रकार बदलतो, मात्रा कमी होते असे म्हणवत नाही. आणि ‘भाडोत्री’ हा शब्द या शिपायांना लावणे तर सर्वथा चुकीचे. भाडे संस्थानिक घेत होता. शिपायाच्या हाती इंग्रजी दराने मिळणारा रोजमुरा येई एवढेच.

शिलरच्या बाबतीत एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. तो स्वतः व्युर्टेंबर्गच्या ड्यूकच्या पलटणीत वैद्य होता आणि २२ सप्टेंबर १७८२ च्या रात्री, शहरात शाही पाहुण्यांचा उत्सव चालू असताना, परवानगीवाचून स्टुटगार्टहून निसटला. जो प्रवेश वाचून आपण हळहळतो, तो हजेरीपटाच्या भाषेत बोलावयाचे तर एका ‘डेझर्टिएर्ट’ माणसाने पुरा केलेल्या नाटकातला आहे.

घराण्यांच्या दंतकथांविषयी येथे थोडे सांगितले पाहिजे. लिटल बिगहॉर्नच्या लढाईत १८७६ साली मारला गेलेला जनरल कस्टर हा एका हेशियन अधिकाऱ्याचा पणतू, असे त्याच्या जुन्या चरित्रांत सांगितले जाई. पुढे कागद पाहता असे दिसले की, क्युस्टर घराणे सतराव्या शतकाच्या शेवटीच, हेशियन येण्याच्या तीन पिढ्या आधी, ऱ्हाइनच्या काठावरून पेनसिल्व्हेनियात आलेले होते. ज्या हेशियनाला वॉशिंग्टन अर्व्हिंगने १८२० च्या आपल्या कथेत बिनमुंडक्याचे भूत करून घोड्यावर बसवले, त्याला पन्नास वर्षांनी सभ्य घराण्यांत पूर्वज म्हणून मागणी आली, हा रुचिपालटाचा भाग मोठा मौजेचा आहे.

जर्मन स्थलांतरितांची दुसरी आणि फार मोठी लाट १८४८ च्या फसलेल्या क्रांतीच्या आगेमागे आली, आणि तिची लष्करी नोंद अमेरिकन यादवी युद्धात (१८६१-६५) झाली. उत्तरेच्या फौजेत जर्मनीत जन्मलेले सुमारे दोन लाख शिपाई होते, असा सर्वसाधारण अंदाज आहे. काही पलटणींत हुकूमही जर्मनमधून दिले जात. यांचे कागद हेशियनांच्या कागदांपेक्षा अगदी वेगळ्या जातीचे आहेत. एक तर सेवापत्रके: १८९० च्या सुमारास अमेरिकेच्या युद्धखात्यात कॅप्टन एन्सवर्थ याच्या योजनेने मूळ हजेरीपटांतील नोंदी माणसागणिक कार्डांवर उतरवून घेण्यात आल्या. पट हाताळून फाटत चालले होते, आणि निवृत्तिवेतनाचा प्रत्येक अर्ज तपासताना ते उघडावे लागत होते. आजचा शोधक जे पाहतो ती ही कार्डे होत, म्हणजे नकलेची नक्कल. वय, उंची, धंदा, भरतीची जागा त्यांत असते, जन्मस्थान असले तर ‘प्रशिया’, ‘बाडेन’, ‘हेस’ असे एका शब्दाचे. पण ‘हेस’ म्हणजे कोणते? कासेलचे, डार्मश्टाटचे की होम्बुर्गचे? १८६६ मध्ये प्रशियाने हानोफर आणि हेसेन-कासेल गिळंकृत केले. तेव्हा एकच मनुष्य भरतीच्या वेळी हानोफरचा, उतारवयात प्रशियाचा आणि मृत्युलेखात जर्मनीचा होऊन बसतो. तो बदललेला नसतो. नकाशा बदललेला असतो.

दुसरे आणि अधिक मोलाचे ते निवृत्तिवेतनाचे कागद. १४ जुलै १८६२ च्या कायद्याने जखमी शिपायांना व मृतांच्या विधवांना वेतन मिळू लागले. २७ जून १८९० च्या कायद्याने ते पुष्कळच सैल झाले. पण विधवेला विवाह सिद्ध करावा लागे, मुलांचे जन्म सिद्ध करावे लागत. म्हणून हानोफरच्या एखाद्या खेड्यातील पाद्र्याने लिहून दिलेला लग्नाचा दाखला, घरच्या बायबलातून फाडून काढलेले जन्मतिथींचे पान, जहाजावरच्या सोबत्याची जबानी, अशा वस्तू वॉशिंग्टनच्या सरकारी कपाटात जाऊन बसल्या. १८९८ मध्ये आणि पुन्हा १९१५ मध्ये शिपायांना प्रश्नावली धाडण्यात आली: लग्न केव्हा, कोठे, कोणी लावले, आधी लग्न झाले होते काय, मुलांची नावे काय. चौकशी अधिकारी गावोगाव हिंडून जबान्या घेत. त्या जबान्या वाचताना भाषांतरकाराचे कान टवकारतात. म्हातारी जर्मनमध्ये बोलते, दुभाष्या इंग्रजीत सांगतो, कारकून कचेरीच्या इंग्रजीत उतरवतो. तरीही मध्येच एखादे वाक्य असे येते की, ज्याची बांधणी इंग्रजी नाही, आणि तिसऱ्या पडद्याआडून तिचा स्वतःचा सूर ऐकू येतो. कधी एकाच शिपायाच्या दोन विधवा अर्ज करतात, एक ओहायोतून, एक मायदेशातून. अशा तंट्यांची मिसल सर्वांत जाड असते.

या कचेरीची लाल विटांची भव्य इमारत १८८७ साली पुरी झाली. तिच्या भिंतीवर सभोवार पकवलेल्या मातीत घडवलेल्या शिपायांची सुमारे १२०० फूट लांबीची रांग चालत राहिलेली आहे. ती घडवणारा कास्पर बुबेर्ल हा बोहेमियातून आलेला जर्मनभाषी स्थलांतरित होता.

चॅन्सेलर्सव्हिलच्या लढाईत २ मे १८६३ च्या संध्याकाळी उत्तरेच्या अकराव्या कोअरची फळी फुटली आणि खापर त्यातील जर्मनांवर फुटले. वर्तमानपत्रांनी त्यांना पळपुटे ठरवले. कार्ल शूर्झ याने चौकशीची मागणी करूनही तो डाग लवकर गेला नाही. ज्यांचे पूर्वज त्या पलटणींत होते, त्यांनी वर्तमानपत्रे बाजूस ठेवून पलटणवार मृतांची व जखमींची नोंद पाहावी. काही जर्मन पलटणी तेथे उभ्या राहून कापल्या गेल्या, हे आकड्यांत दिसते. याच्या आधीच, १७ डिसेंबर १८६१ रोजी केंटकीत मन्फर्डव्हिलजवळ पडलेल्या बत्तिसाव्या इंडियाना या जर्मन पलटणीच्या शिपायांसाठी त्यांच्यातीलच आउगुस्ट ब्लोएडनर याने चुनखडीचा दगड कोरला होता, जर्मन भाषेत आणि जर्मन वळणात. यादवी युद्धाचे आज शिल्लक असलेले सर्वांत जुने स्मारक म्हणून त्याची गणना होते. दगड मऊ, अक्षरे इतकी झिजली की २००८ साली तो उघड्यावरून हलवून आडोशाला न्यावा लागला.

जे फौजेत गेले त्यांचा माग फौजेच्या कागदांत लागतो हे उघड आहे. पण फौज टाळण्यासाठी जे आले त्यांचाही तेथेच लागतो. जर्मन राज्यांत लष्करी सेवेच्या वयाच्या तरुणाला देशांतराची परवानगी सहजी मिळत नसे. जो न विचारता गेला त्याचे नाव भरतीच्या यादीत ‘गैरहजर’ म्हणून राही, कधी त्याच्यावर त्याच्या पाठीमागे खटलाही चाले. बव्हेरियाच्या ताब्यातील पॅलेटिनेटमधल्या कालश्टाट गावचा फ्रीडरिख ट्रम्प १८८५ मध्ये सोळाव्या वर्षी असाच न कळवता अमेरिकेस गेला. पैसा करून तो बायकोसह परतला आणि गावीच राहू इच्छित होता, परंतु लष्करी सेवा चुकवल्याच्या कारणावरून १९०५ साली त्याला देश सोडण्याचा हुकूम झाला. राजप्रतिनिधी लुइटपोल्ड यांच्याकडे त्याने केलेली विनवणी निष्फळ ठरली. त्याचा नातू पुढे अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झाला. एका रिकाम्या रकान्याचे एवढे दूरवर गेलेले परिणाम क्वचितच दाखवता येतील.

नाशाची हकीकत थोडक्यात सांगतो, ती सांगण्यात सुख नाही. प्रशियाच्या फौजेचे पॉट्सडॅम येथील दप्तर एप्रिल १९४५ च्या बाँबहल्ल्यात बव्हंशी जळाले; म्हणून बव्हेरियन शिपायाची इत्थंभूत माहिती म्युनिकला मिळते आणि प्रशियन शिपायाविषयी हात हलवीत परतावे लागते. अमेरिकेत सेंट लुइस येथील अभिलेखागाराला १२ जुलै १९७३ रोजी आग लागली आणि १९१२ ते १९६० या काळात फौजेतून मुक्त झालेल्यांचे सुमारे ८० टक्के कागद गेले. म्हणजे १७७६ च्या शिपायाचे गाव सापडते आणि १९१८ च्या नातवाचे सेवापत्रक सापडत नाही.

भारतीय वाचकाने हे सारे दूरचे समजू नये. जे जर्मन शिपाई पश्चिमेस गेले, त्यांचेच भाऊबंद पूर्वेसही आले. हानोफरच्या दोन पलटणी ईस्ट इंडिया कंपनीच्या चाकरीत १७८२ पासून दहाएक वर्षे मद्रास इलाख्यात होत्या. १७८३ ची कडलूरची लढाई त्या लढल्या. त्यांतील एक अधिकारी कार्ल आउगुस्ट श्लेगेल १७८९ साली मद्रास येथे वारला. त्याच्या धाकट्या भावांपैकी फ्रीडरिखने १८०८ मध्ये भारतीयांची भाषा आणि प्रज्ञा यांवर ग्रंथ लिहिला, तर आउगुस्ट विल्हेल्मने बॉनला संस्कृतचे अध्यापन करीत १८२३ मध्ये भगवद्गीता लॅटिन भाषांतरासह छापली. जर्मनीतील संस्कृतविद्येचा इतिहास लिहिताना आपण पॅरिसमधील हस्तलिखितांपासून आरंभ करतो. मद्रासच्या त्या पलटणीच्या मृतांच्या यादीपासूनही तो करता येईल. आणि २३ सप्टेंबर १८०३ रोजी असईच्या रणात शिंद्यांच्या कवायती फौजेतील सर्वांत मोठा कंपू ज्याच्या हाताखाली होता तो पोलमन हानोफरचाच, पूर्वी कंपनीच्या फौजेत सार्जंट असलेला. इंग्रजी ग्रंथांत त्याला कंपनीची चाकरी सोडून पळालेला म्हणतात. शिंद्यांच्या दप्तरी तो कंपूचा सरदार. हा शब्द असा आहे की, तो कोणाच्या वहीतून वाचतो यावर त्याचा अर्थ ठरतो.

पेनसिल्व्हेनियाच्या शिक्षक महाशयांचे काम अजून संपलेले नाही. गाव कळल्यावर तेथील चर्चच्या दप्तराची छायाचित्रे आली, आणि त्यांत एकाच नावाचे दोन चुलतभाऊ निघाले, वयात दीड वर्षाचे अंतर. सूचीत जन्माचे साल दिलेले असते ते शिपायाने सांगितलेल्या वयावरून काढलेले, तेव्हा दीड वर्षाने काही निर्णय होत नाही. एक भाऊ अविवाहित. दुसऱ्याचे १७७४ साली लग्न झालेले, एक मुलगी. त्या मुलीच्या आईचे पुढे काय झाले, हे दप्तरात शोधावयाचे की नाही, असे त्यांनी मला पत्रातून विचारले. मी भाषांतरकार; या प्रश्नाचे उत्तर माझ्याकडे कसे असणार? तरी शोधावे असे मी लिहिले. त्या शब्दाचे भाषांतर मी ‘परतला नाही’ असे केले होते. त्यांनी मूळ शब्द तसाच ठेवून माझे शब्द त्याखाली लिहिले. नातीला वाचता यावेत म्हणून सुनेने ते देवनागरीतही उतरवले आहेत. घराच्या वंशावळीच्या वहीत सगळी नावे शाईने आहेत, या दोन भावांची मात्र शेजारी शेजारी, पेन्सिलीने.